पहिले २०० मीटर
आज लेकीला ग्राउंडवर सोडायला गेले आणि तिथेच थांबले. ८०० मीटरला तिची वेळ २:५२ मिनिटं. "सर, मला स्टेटला मेडल हवंय," ती म्हणाली. सरांनी वही तिच्याच हातात दिली. "मेडल खाली लिही. वर लिही, पहिले २०० मीटर ४२ सेकंद. तू ३६ मध्ये पळतेस, म्हणून शेवटी पाय जड होतात." महिनाभर एवढंच करायचं होतं. मग म्हणाले, "आपला बीडचा अविनाश साबळे २०१८ मध्ये स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत, ८:२९.८० ला पळाला, २०२४ मध्ये ८:०९.९१ ला. वीस सेकंदांसाठी सहा वर्षं, बेटा." मला गलबलून आलं. घरी आम्ही फक्त नंबर विचारतो! पळून आल्यावर घामेजल्या हाताने तिने वहीत लिहिलं: "४० सेकंद. अजून घाई होतेय."