आधी माझा माणूस कुठंय ते सांगा

कोरोनाची टाळेबंदी, एप्रिल २०२०चा शेवटचा आठवडा. सकाळी नियंत्रण कक्षाचा निरोप आला: आमच्या हद्दीतल्या वस्तीत लोकांनी रुग्णवाहिका अडवली आहे आणि आरोग्य पथकाला आत जाऊ देत नाहीत. मी तेव्हा त्या ठाण्यात उपनिरीक्षक होते आणि ती वस्ती माझ्याच चौकीखाली येत होती. मी, आमचे एक ज्येष्ठ हवालदार आणि दोन महिला शिपाई निघालो. स्ट्रायकिंग फोर्सची, म्हणजे जमाव पांगवणाऱ्या तुकडीची, गाडीही मागोमाग निघाल्याचं वॉकीटॉकीवर कळलं.

शहराचं आणि वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांकडे त्या दिवसांत पुरेशी बोटं दाखवून झाली होती.

वस्तीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले होते, वर ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक. रुग्णवाहिकेपुढे शंभर-सव्वाशे माणसं उभी होती, त्यात बायकाच जास्त. गर्दी दिसली की मी आधी हातांकडे बघते. दगड कुणाच्याच हातात नव्हता. पांढरे पीपीई घातलेले दोघे गाडीतच बसून होते. कडेला आरोग्य निरीक्षक आणि दोन आशाताई उभ्या होत्या. त्यातल्या एकीची सर्वेक्षणाची वही एका मुलीनं ओढून फाडली होती आणि पानं चिखलात पडली होती.

न्यायचं होतं एका कुटुंबाला. घरातला कर्ता पुरुष आधीच रुग्णालयात होता, आदल्या रात्री त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला. म्हणून बायको, सासू आणि दोन मुलांना चौदा दिवस विलगीकरण केंद्रात ठेवायचं होतं. ते चौघं बोचकी बांधून दारात बसले होते. त्यांची तयारी होती, पण वस्ती सोडत नव्हती.

सगळ्यात पुढे उभी असलेली बाई मात्र त्या कुटुंबातली नव्हती. ती मागच्या गल्लीतली. मला बघून म्हणाली, “मॅडम, आधी माझा माणूस कुठंय ते सांगा. मग ह्यांना न्या.”

तिच्या नवऱ्याला काही दिवसांपूर्वी अशाच गाडीतून नेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. कुठल्या रुग्णालयात ठेवलाय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती विचारायला नाक्यावर आली, तर प्रतिबंधित क्षेत्रातली म्हणून तिला परत पाठवलं होतं. वस्तीत कुजबुज सुरू झाली होती की तो गेला आणि परस्पर जाळूनही टाकला.

तिचं बोलणं ऐकताना मला सगळं प्रकरण समोर मांडून दाखवल्यासारखं दिसलं. बाहेर जाऊन शोधायची बंदी तिच्यावर आम्ही घातली होती. आत बातमी पोचवायची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नव्हती.

कलमं हाताशी भरपूर होती. राज्यात मार्चच्या मध्यापासून १८९७चा साथरोग कायदा लागू होता. २३ मार्चपासून संचारबंदी होती, जमावबंदीचं कलम १४४ होतं. आदेश मोडला म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम १८८ होतं, संसर्ग पसरवण्याबद्दल २६९ होतं. शिवाय २२ एप्रिललाच केंद्राचा अध्यादेश निघाला होता. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला त्यानं अजामीनपात्र केला आणि तीन महिने ते पाच वर्षांपर्यंतची कैद ठेवली. त्यात सामुदायिक आरोग्य कर्मचारीही येत होते. फाटलेल्या वहीवरून गुन्हा दाखल झाला असता आणि तो कायद्यात बसलाही असता.

स्ट्रायकिंग फोर्सचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे.” ते खोटं बोलत नव्हते. दहा मिनिटांत गल्ली मोकळी झाली असती, ते चौघं गाडीत बसले असते. पण त्या वस्तीत पुढे कुणाला ताप आला असता, तर तो आम्हाला कधीच कळला नसता. साथीत पोलिसांना खरी गरज असते ती माहितीची आणि ती दारावर लाठी आपटून मिळत नाही. मी त्यांना गाडी कोपऱ्याच्या पलीकडे, लोकांना दिसणार नाही अशी लावायची विनंती केली. मोठ्या साहेबांना फोन करून दुपारपर्यंत वेळ मागितला. साहेब म्हणाले, “वेळ घे. पण आधी ती गर्दी फोड, तिथंच लागण होईल.”

साहेबांचं बरोबर होतं. मी ध्वनिक्षेपक घेतला आणि सांगितलं, “ह्या ताईंचा माणूस कुठं आहे ते मी आत्ता इथंच उभी राहून शोधते. ते कळेपर्यंत गाडी कुणाला घेऊन जाणार नाही. तुम्ही फक्त एक करा, आपापल्या उंबऱ्यावर जाऊन बसा. पाच माणसं निवडा, ती माझ्याजवळ थांबतील, लांब लांब.” थोडा गोंधळ झाला, मग लोक मागे सरले. निवडलेल्यांत एक मशिदीतले चाचा होते, एक मंडळाचा पोरगा होता, बाकी बायका.

फोन लावत असतानाच मी त्यांना विचारलं, आशाताईची वही का फाडली? चाचा म्हणाले, “नाव विचारतात, वय विचारतात, घरात माणसं किती, फोन नंबर काय. कशासाठी ते सांगत नाहीत.” चार महिन्यांपूर्वीच नागरिकत्व कायदा आणि नोंदणीवरून देशभर आंदोलनं झाली होती. माणसं मोजायला आलेल्या वहीची तिथं धास्ती होती आणि ती धास्ती आजाराहून जुनी होती. मंडळाच्या पोरानं वेगळंच काढलं. त्याच्या मोबाइलमध्ये उठाबशा काढायला लावणाऱ्या, पाठीवर काठी मारणाऱ्या पोलिसांचे व्हिडिओ होते. “हे बघून आमच्या आया दार उघडतील का?” मी काही उत्तर दिलं नाही. रस्त्यावर उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार कुठल्याही कलमानं आम्हाला दिलेला नाही. पोलिसानं अशी शिक्षा दिली की आदेशाला कायद्याचं जे बळ असतं तेच निघून जातं, हे माझं ठाम मत आहे.

त्या साथरोग कायद्याच्या वयाचाही मला तिथं उभ्यानं विचार आला. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये हा कायदा घाईनं मंजूर झाला. मार्चपासून पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घरं तपासायला सुरुवात केली. माजघरात, देवघरात शिरले. तपासणीसाठी बायाबापड्यांना बाहेर काढलं. लोक आजारी माणसं लपवायला लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपण सगळेच शाळेत शिकतो. पोलीस म्हणून मला त्यातलं आजारी माणसं लपवणं जास्त बोचतं. साथ रोखायला निघालेल्या यंत्रणेपासूनच लोकांना आजार लपवावासा वाटला आणि मग आजार घराघरांत आतल्या आत वाढला.

फोनचं काम सोपं नव्हतं. नियंत्रण कक्षानं एका ठिकाणचा नंबर दिला, त्यांनी दुसऱ्या. एका यादीत त्या माणसाचं नाव होतं, दुसरीत नव्हतं. नंतर उलगडलं की अहवाल आल्यावर त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलं होतं आणि नवीन यादीत त्याचं आडनाव वेगळंच लिहिलं गेलं होतं. प्रत्येक फोन मी त्या पाच जणांसमोर केला. कुणी उत्तर दिलं नाही, तेही त्यांना ऐकू येत होतं. माझ्या मते त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोग झाला तो याचाच. यंत्रणा आपल्यापासून काही लपवत नाही, तिला स्वतःलाच धड माहीत नाही आणि कुणीतरी आपल्यासाठी तिच्याशी झगडतंय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

अखेर एका वॉर्डातल्या सिस्टर फोनवर आल्या. “आहेत, माझ्यासमोरच आहेत,” म्हणाल्या आणि स्वतःचा फोन घेऊन त्याच्या खाटेपाशी गेल्या. मी आधी त्याला विचारलं, “तुमचा आवाज इथं सगळ्यांना ऐकवू का?” तो हो म्हणाल्यावरच व्हिडिओ कॉल केला, फोन बाईच्या तोंडासमोर धरला आणि ध्वनिक्षेपक जवळ नेला. त्याचं पहिलं वाक्य गल्लीभर ऐकू गेलं: “अगं, चार्जर नाय माझ्याकडं. आणि आईची बीपीची गोळी संपली असंल, ती बघ.”

बाई रडली नाही. तिनं त्याला चांगलं झापलं. आपापल्या उंबऱ्यांवरून बायका हसायला लागल्या. आमच्या शिपायांपैकी एकीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

पण गाडी लगेच निघाली नाही. आता त्या चौघांचे प्रश्न सुरू झाले आणि ते मला फार महत्त्वाचे वाटले. केंद्रात बायकांचं संडास वेगळं आहे का? मी केंद्रावर फोन करून विचारलं. मजला वेगळा होता. घराला कुलूप कुणी लावायचं? त्यांनीच लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली. मुलाला बापाला बघता येईल का? नाही, मी स्पष्ट सांगितलं. परत कधी? तुमचे चौदा दिवस, तपासणीत काही निघालं तर जास्त. आणि बाप? तेव्हाच्या नियमानं रुग्णाला सोडायला चोवीस तासांच्या अंतरानं दोन चाचण्या निगेटिव्ह याव्या लागत. तेही सांगितलं. ‘लवकरच सोडतील’ असं मी एकदाही म्हणाले नाही. ठोस दिवस सांगता येत नसेल, तर काय झाल्यावर सोडतात ते सांगावं. लोक तेवढ्यावरही थांबतात.

मग म्हातारीनं विचारलं, “आन् मी तिथंच मेले तर?”

सगळ्या गल्लीच्या मनातला प्रश्न तिनं विचारला होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्चमध्येच आलेल्या सूचना मी वाचल्या होत्या. नातेवाइकांना चेहरा दाखवता येतो. देहाला हात न लावता धार्मिक पाठ, पाणी शिंपडणं यासारखे विधी करता येतात. आंघोळ घालता येत नाही, मिठी मारता येत नाही. मी हे सगळं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, दोनदा. चाचांनी ते हिंदीतून पुन्हा सांगितलं. म्हातारी म्हणाली, “त्वांड दावत्यात म्हन्जे झालं,” आणि बोचकं उचललं.

निघण्याआधी मी वहीच्या पानावर चौघांची नावं, केंद्राचा पत्ता, तिथला फोन नंबर, तारीख आणि माझा मोबाइल नंबर लिहून सही केली. दोन प्रती केल्या, एक त्यांना, एक शेजारणीला. त्या बाईलाही तसाच कागद दिला. तिचा चार्जर आणि कपड्यांची पिशवी हवालदार संध्याकाळी रुग्णालयाच्या दाराशी देऊन आले.

रात्री साहेबांनी गुन्ह्याचं विचारलं. मी आशाताईशी बोलले होते. ती म्हणाली होती, “मॅडम, मला उद्या त्याच घरात जायचंय. केस करून कशी जाऊ?” साहेबांनी स्टेशन डायरीला सविस्तर नोंद घ्यायला सांगितली आणि विषय तिथं थांबवला. वही फाडणारी मुलगी दुसऱ्या दिवशी आशाताईबरोबर फिरली आणि दोघींनी ती गल्ली पुन्हा लिहून काढली. टाळेबंदीतले कलम १८८चे गुन्हे मागे घ्यायचं राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केलं. ते गुन्हे गेले, पण काठी खाल्लेल्या माणसाच्या मनातून ती जात नाही.

त्यानंतर आमच्या ठाण्यात कागदाची पद्धत पडली. कार्बन घातलेलं पुस्तक रुग्णवाहिकेबरोबर जायचं. वयानं मोठे म्हणून ज्यांना बंदोबस्तातून सूट होती, ते कर्मचारी घरूनच संध्याकाळी एकेका कुटुंबाला फोन करायचे: तुमचा माणूस अमुक ठिकाणी आहे, आज असं असं आहे. नावं आम्ही कधीच ध्वनिक्षेपकावर घेतली नाहीत, कारण ज्या घराचं नाव एकदा जाहीर झालं त्याला वाळीत टाकायला वेळ लागत नव्हता. पाच माणसांची ती समितीही टिकली. ही कल्पना माझी नव्हे. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३च्या दंगलींत भिवंडी शांत राहिली. आमच्या खात्यातलं हे जुनं शहाणपण आहे, ते साथीतही चालतं.

मे महिन्यात आमचे ते हवालदार स्वतः पॉझिटिव्ह आले. तोवर मागच्या गल्लीतल्या त्या बाईचा नवरा घरी परतला होता. ती चौकीवर आली आणि पत्र्याआडून म्हणाली, “हवालदारसाहेब दिसले नाहीत. कुठल्या दवाखान्यात आहेत? सांगायला पायजे तुम्ही.” मी हवालदारांना फोन करून त्यांची परवानगी घेतली आणि तिला रुग्णालयाचं नाव सांगितलं. ते बरे होऊन पुन्हा कामावर आले.

साथ ओसरल्यावर बंदोबस्ताच्या अनुभवांचा अहवाल मागवला गेला. त्यात मी एकच मागणी लिहिली. आराखड्यात नाके, मनुष्यबळ, वाहनं, लाठ्या-ढाली असे रकाने असतात. त्यांच्या बरोबरीनं आणखी एक रकाना हवा: नेलेल्या माणसाची खबर त्याच्या घरी रोज कोण देणार, त्याचं नाव आणि फोन नंबर. पुढची साथ यायच्या आधी तो भरलेला असावा, यासाठी मी अजूनही प्रत्येक बैठकीत बोलते.