तुम्ही विचारलंत म्हणून: लाँग रन एकटीच का?

आपल्या पळण्याच्या ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. "मॅडम, मंगळवारी-गुरुवारी आमच्यात असता, मग रविवारी कुठे गायब?" सोसायटीचा वॉचमन पहाटे सव्वाचारला गेट उघडताना हेच विचारतो. सासूबाई त्यात अंधार आणि भटकी कुत्री घालून विचारतात. आजवर ज्याला जसं सुचेल तसं उत्तर दिलं. पेस, म्हणजे पळायचा वेग, जमत नाही, शांतता लागते, तुम्ही फोटो फार काढता. यातलं काहीच खोटं नाही, पण खरं कारणही यातलं नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीने तोंडावर विचारलं, "तुम्हाला आम्ही आवडत नाही का?" म्हणून आता एकदाचं लिहून टाकते.

लाँग रन, म्हणजे आठवड्यातली एक लांब पल्ल्याची धाव, कशाला लागतो, ते तुम्हाला माहीत आहे. मला बत्तीस किलोमीटरबद्दल बोलायचंय. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, त्याच्या तीन आठवडे आधी बत्तीस, मग टेपर, म्हणजे शर्यतीपर्यंत पळणं कमी करत नेणं. त्या वर्षी हा बत्तीस म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती. हा आकडा आला कुठून, हे डोक्यात आलं पुष्कळ उशिरा. वीस मैल! प्लॅन लिहिणारे मैलात मोजणारे, त्यांचा तो गोल आकडा. ते किलोमीटरवाले असते तर आपण सगळे तिसावर थांबून घरी पोहे खाल्ले असते. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरचंही तेच. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत जे भरलं, ते अंतर. कायमचं ठरलं १९२१ साली. त्याच्या आदल्याच वर्षी आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले, तेव्हा अंतर होतं ४२.७५. अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. हे शहाणपण आज सुचतंय. त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी हेडफोन घातले असते.

तर डिसेंबरचा शेवटचा रविवार. मी आणि माझी मैत्रीण. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिची पहिली फुल मॅरेथॉन, माझी तिसरी. तिला तयार करायचं मी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच ताई झाले होते. साडेचारला राजाराम पुलावरून निघालो, सिंहगड रस्त्याने खडकवासला, धरणाच्या पुढे जाऊन सोळाला वळायचं आणि परत. तिचा पेस किलोमीटरला साडेआठ मिनिटांचा. मी तिच्याबरोबर हळू पळत होते आणि हळू पळतेय याचा मनातल्या मनात हिशेबही ठेवत होते.

मी तिला एकच मंत्र दिला होता, पाणी पीत राहा. तहान लागायची वाट बघू नकोस, तहान लागली म्हणजे उशीर झाला. मलाही असंच शिकवलं होतं. ती माझं ऐकायची. अर्ध्या तासाला अर्धा लिटर, न चुकता. थंडी इतकी की धरणाजवळ तोंडातून वाफा निघत होत्या, घाम जेमतेम. तरी बाटली संपली की मी आठवण करायचे, भरून घे.

चोविसाच्या आसपास ती म्हणाली, "अगं, अंगठी घट्ट झालीय बघ." मी म्हटलं, हात खाली सोडून पळतेस म्हणून. मग मळमळ सुरू झाली. मी म्हटलं, एनर्जी जेल बाधलं असेल, पाणी पी. प्यायली. समोरून सिंहगडावर निघालेल्या पोरांच्या बाइक्स येत होत्या, हॉर्न वाजवत. नांदेड फाट्याच्या अलीकडे ती थांबली, कठड्याला धरून उलटी केली आणि मला विचारलं, "आपण चाललोय की येतोय?"

मी हसले. मला वाटलं, विनोद केला.

घड्याळात २६.४ झाले होते.

पुढचं सरळ सांगते. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर तिला बाकावर बसवलं. तिच्या नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. टपरीवाल्याला सांगितलं, दादा, ताईंकडे लक्ष ठेवा. तिच्या हातात माझी बाटली दिली. होय, आणखी पाणी. ती म्हणाली, "तू जा, तुझं राहील." आणि मी गेले. ५.६ किलोमीटर उरले होते. ते मी सहाच्या पेसने मारले, कारण इतका वेळ अडकलेले पाय मोकळे झाले होते. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. पुलावर पोचून घड्याळाचा फोटो काढला, ३२.०१. आणि मग तिच्या नवऱ्याचे सात मिस्ड कॉल दिसले.

गाडीत तिला फिट आली होती. रक्तातलं सोडियम १२१. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. रक्त पातळ झालं की पेशी पाणी ओढून फुगतात, बोटं फुगतात, मेंदूही फुगतो, आणि मेंदूला कवटीच्या आत जागा नसते. ती अंगठी तेच सांगत होती. दोन दिवस आयसीयूत, सलाइनमधून तीव्र मिठाचं पाणी, थेंब थेंब मोजून. वाचली. धडधाकट आहे. पुन्हा पळाली नाही.

आता माझी बाजू. तेव्हा सगळेच "पीत राहा" म्हणत होते, मी काही वेगळं सांगितलं नाही. ती स्वतः "जा" म्हणाली. मी थांबले असते तरी काय केलं असतं? आणखी पाणीच पाजलं असतं. म्हणजे मी गेले हे एका अर्थी बरंच झालं, असा युक्तिवादही मी एकदा माझ्या नवऱ्यापुढे केलाय. तो काही बोलला नाही, भांडी लावत राहिला.

पण मग वाचायला बसले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. जास्त धोका कुणाला? ज्यांचं वजन पळता पळता वाढतं, ज्यांना चार तासांच्या वर लागतात. ते छापून आलं २००५ मध्ये. म्हणजे आमच्या रविवारच्या कितीतरी आधी. शूज घ्यायच्या आधी मी पंधरा दिवस रिव्ह्यू वाचले होते. हे नव्हतं वाचलं. आणि "इलेक्ट्रोलाइट घेतलं असतं तर झालं नसतं" असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, तेही तितकंसं खरं नाही. त्या पेयांतही मीठ रक्तापेक्षा कमीच असतं, प्रमाणाबाहेर प्यायलं तर तीही तेच करतात. तहान लागली की प्या, एवढंच. मी तिला नेमकं याच्या उलट शिकवलं होतं.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी भेटू दिलं. नळ्या काढल्या होत्या. मी काय बोलायचं ते रिक्षात पाठ करून गेले होते. तिने ते बोलूच दिलं नाही. म्हणाली, "झाले का तुझे बत्तीस?"

मी "हो" म्हटलं.

टोमणा होता की सहज विचारलं, मला आजही कळलेलं नाही. आमची मैत्री आहे, आम्ही वेताळ टेकडीवर चालायला जातो, ती घरच्या कैरीचं लोणचं देते. विचारायची हिंमत होत नाही. तीन आठवड्यांनी मी मुंबईत फुल पळाले, तेही तुम्ही विचारणार असाल तर. वेळ चांगली आली.

तर एकटी का? मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते की कुणाची जबाबदारी नको म्हणून. ऐकायला बरं वाटतं, जबाबदार बाईसारखं. पण ग्रुपमध्ये पंधरा माणसं असतात, गाडी असते, डॉक्टर असतो, तिथे माझ्यावर कसली आलीय जबाबदारी? खरं असं की घड्याळात २६.४ असताना शेजारचं कुणी थांबलं, तर मी थांबेन याची मला खात्री नाही. असं झाल्यावरही नाही. थांबेन असं वाटतं. पण शेवटच्या किलोमीटरांत पाय मोकळे झाल्यावर जे छान वाटलं होतं, तेही आठवतं, आणि त्याची लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

तेव्हा तुम्ही मला आवडता. मंगळवारी भेटूच.

रविवारी मी त्याच रस्त्याने जाते. पहिल्याच वेळी टपरीवाल्याने ओळखून हाक मारली होती, "ताई, त्या ताई बऱ्या आहेत ना?" त्यानंतर नांदेड फाटा आला की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने पळायला लागले. मागच्या वर्षी ती टपरी तिथून उठली. मी अजून पलीकडूनच पळते.