तुम्ही विचारलेत म्हणून: मांसावर फळ कशाला?

‘पोर्क चॉपवर सफरचंद आणि चेरी कशाला घालतेस? मांस गोड करून कोणी खातं का?’ मी 2006 साली वसईहून मिशिगनला आले, आणि तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न मला कितीदा तरी विचारला गेला आहे. वसईहून येणारे नातेवाईक तो विचारतात, इथल्या मराठी मैत्रिणी विचारतात, आणि दर वेळी ‘इकडे तशी पद्धत आहे’ एवढे बोलून मी विषय संपवते. ते उत्तर खोटे नाही, पण ते माझे उत्तर नाही, म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की चॉपवरचा तो सफरचंद-चेरीचा सॉस गोड नसतो. उत्तर मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास मोंमोरेन्सी जातीच्या चेरीच्या बागा आहेत. जुलैत पिकणारी ही चेरी इतकी आंबट असते की मूठभर घेऊन नुसती खाणे कठीण जाते, आणि ती बहुतेक करून ‘पाय’ (पिठाच्या पारीत फळ भरून भाजलेला गोड पदार्थ), मुरंबा किंवा रस यांसाठीच जाते. सफरचंद वापरायचे असेल तर मी नॉर्दर्न स्पाय घेते, कारण ते आंबटसर असते आणि शिजल्यावरही त्याची फोड शाबूत राहते. मॅकिंटॉशचा मात्र पाहता पाहता लगदा होतो. ज्यांच्या घरी बांगड्याच्या कालवणात कोकम पडते, कोळंबीत कैरी पडते, त्यांनी मला मांसात फळ कशाला असे विचारावे, याचे मला खरोखर वाईट वाटते. कोकम हे फळच आहे. आमच्या घरी नाताळात इंद्याल, म्हणजे पोर्कचे आंबट-तिखट कालवण, व्हायचे तेव्हा डुकराच्या चरबीला तोंड द्यायला व्हिनेगर असायचे, आणि इथे तेच काम चेरी करते.

दुसरी गोष्ट, हा सॉस वेगळ्या भांड्यात करून वरून ओतायचा पदार्थ नाही. बरगडीच्या हाडासकट कापलेला, चांगला दीड इंच जाडीचा चॉप मी आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पुसून, कडेच्या चरबीच्या पट्टीला दोन-तीन ठिकाणी खाचा पाडते, नाही तर तव्यावर ती आक्रसते आणि चॉपची वाटी होते. मग चिमट्याने चॉप उभा धरून आधी ती कड तव्यावर टेकवते, तिची चरबी सुटली की त्याच चरबीत दोन्ही बाजू खरपूस भाजते, आणि चॉप उतरवून झाकून ठेवते. या वेळी तव्याच्या बुडाला जे तपकिरी लागलेले असते ते बघण्यासारखे असते. दुधाच्या पातेल्याची खरवड आपण चमच्याने काढून खायचो, तशीच ही मांसाची खरवड असते आणि सगळी चव तिच्यात असते. तिच्यावर बारीक चिरलेला कांदा परतून वाटीभर सायडर, म्हणजे सफरचंदाचा ताजा, न गाळलेला रस ओतला की चर्र आवाज होतो, आणि लाकडी उलथन्याने खरवडत गेले की ते तपकिरी थर सुटून रसात उतरतात. फळ त्यानंतर घालायचे, कारण मांसाबरोबर घातले तर त्याच्यातली साखर मांस भाजून होण्याआधी करपते. रस आटला की झाकून ठेवलेल्या चॉपखाली जमलेले पाणी त्यात घालायचे, आणि आच बंद करून लोण्याचा एक गार तुकडा त्यात फिरवायचा. मग सॉस चमच्याला धरतो. चेरी असेल तेव्हा मी स्टीलचा तवा घेते. बिडाच्या तव्यात आंबट जास्त वेळ आटवले तर लोखंडाची चव उतरते.

इथपर्यंत मी ठामपणे सांगू शकते. पण पहिली काही वर्षे मी फळाचा सॉस केला तो या कारणांसाठी नव्हता, हेही मला लिहिले पाहिजे. तेव्हा माझे चॉप वाळलेल्या लाकडासारखे होत असत आणि ते लपवायला मला काही तरी ओले हवे होते. त्या वेळचा सरकारी सल्ला मांस आतून 160 अंश फॅरनहाइट, म्हणजे 71 अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवण्याचा होता, आणि मी भीतीपोटी त्याच्याही पुढे जात असे. इथली डुकरे आता पूर्वीसारखी चरबीदार नाहीत. 1987 पासून तर इथल्या पोर्क उत्पादकांनी ‘दुसरे पांढरे मांस’ म्हणून कोंबडीच्या शेजारी बसवूनच त्याची जाहिरात केली. चॉप ज्यातून कापतात त्या पाठीच्या तुकड्यात आत चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे 71 अंशांना त्याच्यातले बरेचसे पाणी निघून गेलेले असते. मे 2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठी तो आकडा 145 फॅरनहाइट, म्हणजे 63 सेल्सिअसवर आणला आणि वर तीन मिनिटे मांस तसेच ठेवायला सांगितले. मला ते दोन वर्षांनी कळले. तेव्हा मी तापमापक आणला, 60 सेल्सिअसच्या आसपास चॉप उतरवू लागले, उरलेले अंश तो झाकणाखाली आपोआप चढू लागला, आणि पहिल्यांदा मला त्या मांसाची स्वतःची चव कळली. आत तो किंचित गुलाबी असतो. खरी अडचण तिथेच आहे.

2016 च्या ऑक्टोबरात आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. तिच्या हातचे पोर्क मी लहानपणापासून खाल्लेले. आता माझ्या हातचे तिला खाऊ घालायचे, या विचाराने मी दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. नॉर्दर्न स्पाय बागेतून आणली, चॉप ओळखीच्या खाटकाकडून कापून घेतले. त्या संध्याकाळी सगळे मनासारखे झाले. आईने पहिला तुकडा कापला, कापलेली बाजू दिव्याकडे केली, आणि काटा-सुरी ताटाच्या कडेला ठेवली.

‘कच्चं आहे गं.’

मी म्हटले, कच्चे नाही, तापमान बघितले आहे. ती काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, ‘तुझ्या मामाचं विसरलीस?’

मी विसरले नव्हते. मामाला वयाच्या तिशीत फिट्स येऊ लागल्या, मेंदूत गाठी निघाल्या, आणि डॉक्टरांनी डुकरातल्या पट्टकृमीचे नाव घेतले. त्या दिवसापासून आमच्या घरी पोर्क शिजायला लागणारा वेळ दुप्पट झाला आणि मामाने तर ते कायमचे सोडले. मी या आजाराबद्दल पुढे वाचले होते. अर्धवट शिजलेल्या मांसातून तो कृमी आतड्यात वाढतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्याची अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. ज्याने जन्मात डुकराचे मांस खाल्ले नाही त्यालाही त्या होऊ शकतात. हे सगळे मी त्याच वेळी, तिच्यासमोर ताट असताना, तिला सांगितले. ऐकताना ती माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत होती. ‘म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातनं झालं म्हणतेस?’ तिने विचारले.

मला तसे म्हणायचे नव्हते. पण मी जे सांगितले होते त्याचा तिला दुसरा काय अर्थ लागणार होता? मी काहीच न बोलता तिचे ताट उचलले, चॉप पुन्हा तव्यावर टाकला आणि तो आतून करडा होईपर्यंत तिथे उभी राहिले. वरून सगळा सॉस ओतला. आईने तो चॉप पूर्ण खाल्ला, एकेक घास बराच वेळ चावत, आणि शेवटी म्हणाली, ‘सॉस छान झालाय.’

तुम्ही फळ कशाला असे विचारता तेव्हा मला ते ताट दिसते. पुन्हा एकदा तो सॉस वाळलेले मांस लपवायलाच कामी आला होता.

माझी चूक झाली असे मला आजही वाटत नाही, निदान तव्याच्या बाबतीत तरी नाही. 63 अंश आणि तीन मिनिटे पुरेशी आहेत, आणि इथल्या बंदिस्त पाळलेल्या डुकरांत तो कृमी सापडणे अतिशय दुर्मीळ आहे. पण 2007 ची मी, जी भीतीने चॉप जाळत होते, ती आईच्याच बाजूची होते, आणि तिला मूर्ख म्हणणे मला जमत नाही. एक कुटुंब एका दवाखान्यातून बाहेर पडून घरी आले आणि पातेल्यावर झाकण जास्त वेळ ठेवू लागले. त्यांना माहीत होते तेवढ्यावर त्यांनी योग्य तेच केले.

त्यानंतर आई दोनदा येऊन गेली. तिच्यासाठी मी आता खांद्याचे मांस घेते, जुलैत गोठवून ठेवलेल्या चेरी आणि सायडर घालून मंद आचेवर दोन तास शिजवते. त्या तुकड्यात चरबी असते, तो तेवढा वेळ सोसतो. ‘हे आपल्यासारखं झालंय,’ असे ती म्हणते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते. मला आनंद होतो. तरी तो चॉप नव्हे, त्याच्यात तव्याची खरवड नाही, आणि मला तिला जे खाऊ घालायचे होते ते अजून राहिलेच आहे. येत्या ऑक्टोबरात ती पुन्हा येणार आहे. तिने आपणहून चॉप मागितला तर मी तो किती अंशांवर उतरवीन, हे मला आज सांगता येत नाही.