हुडहुडी

आमच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, मधुमालतीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. त्यातलं पहिल्या रात्रीचं पांढरं फूल म्हणजे हॉक मॉथ या जाडजूड पतंगाला आवतन.

दिवेलागणीला तो येतो, पण टेकत नाही. फुलासमोर हवेतच थबकतो, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून फुलाच्या लांब दांड्यात घालतो, आणि मी फोकस करेस्तोवर पलीकडच्या घोसावर. गेल्या पावसाळ्यात मी असे दोनशेवर फोटो काढले. बहुतेकांत मधुमालती फार छान आली आहे.

"काहून रे, अंधारात काय पायतं?" मोठीमायनं ओसरीवरून विचारलं.

"पाखरू."

"अन् इचूकाट्याचं भेव नाई तुले?"

भादव्यात एका रात्री मात्र एक जण स्वतःहून न्हाणीच्या भिंतीवर बल्बखाली येऊन बसला. कण्हेरीवरचा. अंगावर हिरव्या रंगाच्या किती छटा, मधून गुलाबीसर पट्टे. कण्हेरीच्या पानांत बसला असता तर मी हात लावूनही ओळखला नसता. चुन्याच्या भिंतीवर पुरता उघडा पडला होता. तीनेक आठवड्यांपूर्वी कण्हेरीखाली मिऱ्यांएवढ्या लेंड्या दिसल्या म्हणून वर पाहिलं, तर याच्याच जातीची बोटाएवढी हिरवी अळी. शेपटीशी शिंग. डिवचलं की डोकं आत ओढून दोन निळे डोळे वटारायची. तेही खोटे, नुसते ठिपके. मग ती तपकिरी पडली आणि एका सकाळी दिसेनाशी झाली. पाल्यात कोश करायला उतरली की कोंबडीनं टिपली, यावर मोठीमायचं न् माझं अजून जमलेलं नाही.

मोबाइल विटेवर टेकवला, तेवढ्यात पतंग थरथरू लागला. पंख जागच्या जागी, बारीक, भराभर.

"हुडहुडी भरली वाट्टे त्याले," मोठीमाय मागे येऊन उभी होती.

म्हटलं, थंडी नाही, इंजिन तापवतोय. छातीतले स्नायू चांगले गरम झाल्याशिवाय या जड अंगाला उडताच येत नाही. आपल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन कसं आधी नुसतं धडधडायचं, तसं.

एक फोटो मिळाला. छातीवरची लव केस न् केस दिसते, पंखांच्या जागी धूर.

दुसरा घेणार, तर लाइन गेली. काळोखात कानाजवळून भुर्रर्र झालं.

"तापलं वाट्टे," मोठीमाय म्हणाली, आणि कंदील शोधायला आत गेली.