पद्मिनीतला आवाज आणि ३१ किलो डांबर

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापुरात आलेली प्रीमियर पद्मिनी गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा मालक म्हणाले, "पन्नासच्या पुढं गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आतून सगळीकडं आवाज कमी करायची शीट मारून घेतली, तरी हे असंच."

टपाच्या कापडाला ड्रायव्हरच्या डोक्यावर फुगवटा आला होता. कडेची पट्टी काढून कापड सोडवलं, तर हातभर लांबीचा काळा तुकडा पत्र्यावरून सुटून कापडात येऊन पडलेला. स्लॅबची गळती थांबवायला वापरतात ती डांबरी पट्टी होती ती. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या टपाला हात लावून बघा, चटका बसतो. त्या उष्णतेत डांबर मऊ होतं आणि स्वतःच्याच वजनाने उलट्या पत्र्यावरून सुटत जातं. काचा बंद असल्या की गाडीत जो वास कोंडायचा तोही त्याचाच. जमिनीवर असली पट्टी कशीबशी टिकते. टपाला आणि दरवाजाला ती लावूच नये.

मग मॅटिंग उचललं. खाली नमद्याचा (दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाचा) थर, त्याखाली डांबर. नमदा पिळला तर पाणी निघालं. कोकणातल्या पावसात बुटांबरोबर आणि दरवाजाच्या फाटक्या रबरातून आत आलेलं पाणी नमद्याने धरून ठेवलं होतं, आणि डांबराखाली जिथे जिथे पोकळी राहिली तिथे ते झिरपलं होतं. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा पेचकसाच्या टोकाने दाबला तसा आत गेला. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते, म्हणून जमिनीचा पत्रा सडणं हे आवाजापेक्षा मोठं दुखणं. हीट गनने तापवून खरवडलेलं डांबर आणि ओला नमदा वजनकाट्यावर ठेवला: ३१ किलो. सारी गाडी नऊशे किलोच्या आतबाहेरची.

नवी शीट आणण्याआधी आवाज येतो कुठून ते शोधायला हवं होतं. बायपासच्या रिकाम्या, सरळ पट्ट्यावर गाडी ६० ला नेली, की पोटात घुमणारा एक जाड आवाज सुरू व्हायचा. तिथेच गिअर न्यूट्रलला टाकून इंजिन आयडलला आणलं (चावी बंद करायची नाही), तर घुमणं लगेच गेलं. वेग तोच असताना आवाज गेला, म्हणजे टायर, प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागे नेणारा दांडा) किंवा हाउसिंग (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) यांचा तो नव्हे. तो इंजिनचा किंवा सायलेन्सरचा. खाली शिरून पाहिलं. सायलेन्सर ज्या रबरावर टांगलेला असतो ते तुटलं होतं आणि त्या जागी कुणीतरी लोखंडी पट्टी थेट जमिनीच्या पत्र्याला बोल्टने आवळली होती. इंजिनचा प्रत्येक ठोका त्या पट्टीतून पत्र्यात उतरत होता.

याचा हिशोब साधा आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. त्या वेगाला मिनिटाला साधारण २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०, आणि ठोके ८०. ८० हर्ट्झच्या आवाजाची लाट सव्वाचार मीटरच्या आसपास भरते, तिचा अर्धा भाग सव्वादोन मीटरला थोडा कमी. छोट्या गाडीच्या केबिनची लांबीही जवळपास तेवढीच, म्हणून तो आवाज आत नेमका घुमतो. फोमने असा आवाज शोषायचा तर लाटेच्या पाव भागाइतकी, म्हणजे मीटरभर जाडी लागेल. १० मिलिमीटरचा फोम तिथे काहीही करत नाही. दीडशे रुपयांच्या आत येणारं टांगणीचं रबर बसवलं आणि घुमणं थांबलं.

इथे मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपबद्दल सांगायला हवं, कारण मालकांनी ते लावून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, आकडा तर एकानेच उतरलाय." ही ॲप बहुधा 'ए' मापावर चालतात. ते माप माणसाच्या कानासारखं मंद खर्ज आवाज कमी धरतं, ८० हर्ट्झला तर वीस डेसिबलहून जास्त वजावट करतं. खर्ज आवाजाला फारशी वजावट न करणाऱ्या 'सी' मापावर घेतलं तेव्हा फरक ठळक दिसला. घुमण्यासाठी 'सी', वारा, टायर आणि इंजिनच्या खडखडाटासाठी 'ए'. फोन तोच, जागा तीच, रस्ता तोच, काचा वर. आकड्यातला फरक तेवढा खरा धरायचा, नुसता आकडा नाही.

दुसरी तपासणी रात्री केली. बोनेटखाली ५०० वॅटचा हॅलोजन लावला, बोनेट जवळजवळ मिटलं आणि एक जण दरवाजे बंद करून अंधारात आत बसला. समोरच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, चांदण्या दिसाव्यात तसे उजेडाचे ठिपके दिसले. जुन्या वायरिंगचं मोकळं भोक, स्पीडोमीटर केबलचं कडक होऊन तडकलेलं ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी), स्टिअरिंग कॉलमभोवतीची फट, पेडलखालचा निघालेला रबरी पडदा. आमच्या मते सगळ्या कामात महत्त्वाचा टप्पा हाच. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का उघडं राहिलं, तर उरलेली भिंत कितीही जाड करा, ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. भोकं मोकळी ठेवून हजारोंची शीट मारणं म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी भरणं. ग्रोमेट नवी घातली, मोकळ्या भोकांवर पत्र्याची चकती सीलंटमध्ये बसवली, कॉलमला नवं रबर चढवलं.

सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, सांध्यांवर सीलंट, वर इपॉक्सी प्रायमर. ही घाई करायची बाब नाही, प्रायमर पूर्ण सुकायला दोन दिवस दिले. डांबराचा उरलेला राप रॉकेलने निघतो, पण रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर नवी शीट धरत नाही, म्हणून वेल्डिंग आणि प्रायमरच्या आधीच तो काढून थिनरने पुसून घेतला होता. शीट लावायच्या आधी पत्रा परत एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

आता साहित्य. तीन थर, तिघांचं काम वेगळं.

पहिला थर ब्युटाइल शीट (चिकट रबराची), वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा, जाडी २ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास. ती आवाज अडवत नाही, पत्रा वाजू देत नाही. म्हणून सगळा पत्रा झाकायची गरज नसते. बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जायचं. जिथे डब्यासारखा वाजतो तिथे मध्यभागी शीट, जिथे घडी किंवा पट्टी असल्यामुळे आधीच ठस्स वाजतो तिथे काही नाही. पाव ते अर्धा भाग झाकला की बहुतेक फायदा मिळतो. या गाडीला साडेतीन चौरस मीटर लागली: जमीन, मागच्या सीटखालचा भाग, चारही दरवाजांचे बाहेरचे पत्रे आणि टपाच्या आडव्या पट्ट्यांमध्ये दोन तुकडे. छोट्या लोखंडी रोलरने पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायची. खाली हवेचा फुगा राहिला तर तिथेच पुढे पाणी बसतं.

दुसरा थर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा फोम, ६ मिलिमीटर. एसीच्या डक्टवर लावतात ती काळी नायट्राइल रबरची शीट चालते, बाजारात सहज मिळते आणि उष्णताही रोखते. गादीचा मऊ फोम किंवा नमदा नको, दोन्ही पाणी पितात.

तिसरा थर मास लोडेड व्हिनाइल, म्हणजे मुद्दाम जड केलेली लवचिक प्लास्टिक शीट, ३ मिलिमीटर, चौरस मीटरला ५ किलो. हवेतून येणारा आवाज अडवणारा खरा थर हाच, कारण तिथे वजनच काम करतं: वजन दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतं. पण तो पत्र्याला चिकटवला तर पत्र्याबरोबर थरथरतो, म्हणून मधे फोम हवाच, आणि सांधे एकमेकांवर दोन इंच चढवून टेपने बंद हवेत. फायरवॉलची आतली बाजू आणि पुढची जमीन एवढ्यालाच तो लावला, अडीच चौरस मीटर. डिकीला नाही लावला. मालकांना तिथेही हवा होता, पण मागे वाढलेलं वजन लीफ स्प्रिंगवर जातं आणि इंजिनचा आवाज काही डिकीतून येत नाही. फोम धरून सगळं मिळून वजन २५ ते २६ किलो, काढलेल्या डांबर-नमद्यापेक्षा कमीच.

दरवाजात एक चूक नेहमी होते. काचेवरून उतरलेलं पाणी दरवाजाच्या पोटात जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. शीट खालच्या कडेपर्यंत आणली की ती भोकं बुजतात आणि दरवाजा आतून सडतो. म्हणून शीट खालून चार बोटं वर थांबवली. दरवाजा पॅडच्या मागे जाड प्लास्टिकचा पडदा लावला आणि त्याची खालची कड दरवाजाच्या आत वळवली, म्हणजे पाणी पॅडवर न येता आतच राहतं.

परत त्याच पट्ट्यावर, त्याच ६० ला, 'ए' मापावर आकडा ८२ वरून ७५ वर आला. आणि आता इतके दिवस दबलेले दोन आवाज ऐकू आले: क्वार्टर ग्लासच्या (दरवाजातल्या छोट्या तिकोनी काचेच्या) कोपऱ्यातून वाऱ्याची शीळ आणि मागून हाउसिंगचं बारीक रडणं. शीळ नव्या रबराने गेली. हाउसिंगचं रडणं शीटने दाबायचं नाही असं मालकांना सांगितलं. तेल बदललं, तरी वेग धरून ठेवला की ते येतंच, तेव्हा पुढच्या खेपेला हाउसिंगमधली गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, उघडून दातांची बसणूक बघायची आहे.

तोवर एकच काम त्यांच्याकडे दिलं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ड्रायव्हर बाजूचं मॅटिंग उचलायचं आणि फोमखाली हात घालून पत्रा कोरडा आहे का ते चाचपायचं. तेवढ्यासाठी ती कड आम्ही चिकटवली नाही, नुसती दाबून ठेवली आहे.