मीटरचा लाल दिवाच का मोजते?

‘वीज मोजायची तर तारेला क्लॅम्प लावावा ना, तुम्ही मीटरच्या दिव्यासमोर सेन्सर कशाला लावलाय?’ घरची वीज मी रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) नावाच्या छोट्या संगणकावर मोजते हे कळलं की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

सुरुवात मीही क्लॅम्पनेच केली होती. क्लॅम्प म्हणजे तारेभोवती बसणारा छोटा करंट ट्रान्सफॉर्मर. तार कापावी लागत नाही, पण ज्या खोक्यातून तारा जातात ते उघडावं लागतंच, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा एकाच क्लॅम्पमध्ये आल्या तर आकडा शून्य दिसतो, कारण दोन्हींतला करंट एकमेकाला खोडून काढतो.

खरी अडचण पुढे आली. क्लॅम्प फक्त करंट सांगतो. त्याला व्होल्टेजने गुणलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात. बिलातली युनिट्स मात्र वॅटवरून ठरतात. हीटर किंवा इस्त्री असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतात. मोटर, एलईडी बल्ब, अडॅप्टर आले की ते फाकतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, ०.५ असलेला ५ वॅटचा बल्ब या हिशोबात १० दिसतो. खरे वॅट काढायचे तर करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा मोजावे लागतात. पायला अ‍ॅनालॉग इनपुट नाहीच, म्हणजे सेन्सरचा संकेत आकड्यांत बदलणारी एडीसी चिपही वेगळी जोडायची. महिनाभर खपून मी जे उभारत होते, ते काम भिंतीवरचं मीटर आधीपासूनच माझ्यापेक्षा कितीतरी अचूक करत होतं.

आणि ते करून गप्पही बसत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ‘३२०० इंपल्स प्रति किलोवॅट-तास’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काही मीटरवर तो १००० किंवा १६०० असतो. ३२०० वेळा दिवा लागला की एक युनिट पूर्ण. त्यामुळे दोन लुकलुकींमध्ये एक सेकंद गेला, तर त्या वेळी घर ११२५ वॅट ओढतंय. दोन किलोवॅटचा गीझर लावा, अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं. हे वॅट खरे असतात, पॉवर फॅक्टरची भानगड मीटरनेच आत निस्तरलेली असते, आणि मला एकाही जिवंत तारेला हात लावावा लागत नाही.

चुका मात्र पुष्कळ केल्या. पहिला सेन्सर एलडीआर होता, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा. त्याचा प्रतिसाद मंद, त्यामुळे आखूड लुकलुक त्याच्या हातून निसटायची. उजेड चटकन टिपणारा फोटोट्रान्झिस्टर लावला आणि ते थांबलं. मग रोज सकाळी तासभर मोजणी शून्य! खिडकीतलं ऊन थेट सेन्सरवर पडत होतं. काळ्या चिकटपट्टीने त्याला आडोसा केला. सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या, पायच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी लुकलुक मी सोडून देते, कारण १० किलोवॅट ओढले तरी दोन लुकलुकींत ११० मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं. प्रत्येक लुकलुक एसडी कार्डावर लिहू नका, कार्ड लवकर झिजतं. मी मिनिटाला एकदाच लिहिते. माझ्या पायला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे वीज जाऊन आली की नेटवर्क मिळेपर्यंत तो जुनीच वेळ धरून बसतो. म्हणून अंतर मोजायला तारीख-वेळ वापरू नका, पाय सुरू झाल्यापासून सतत पुढे जाणारं मोनोटॉनिक घड्याळ वापरा.

एवढ्या खटाटोपाचं सार्थक झालं ते रात्रीच्या आकड्याने. सगळे झोपलेले, फ्रिजचा कंप्रेसर थांबलेला, तरी दिवा दर १४ सेकंदांनी लागत होता. म्हणजे ८० वॅट. वर्षभर असंच चाललं तर ७०० युनिट्स, आणि त्या वेळी घरात कुणी काही वापरतही नाही! महिन्याच्या बिलात ही वीज कधीच वेगळी दिसली नसती. मी रात्री एकेक प्लग काढत गेले. सेट-टॉप बॉक्स काढला, अंतर १७ सेकंद झालं. कपाटामागचा, कोणत्याच यंत्राला जोडलेला नसलेला जुना यूपीएस काढला आणि ते २५ वर गेलं. ८० चे ४५ वॅट झाले. माझा पाय झीरो, म्हणजे पायचं छोटं मॉडेल, स्वतः एक-दीड वॅट खातो. त्याला मी आनंदाने खाऊ देते.

क्लॅम्प वाईट नाही. स्वयंपाकघराची वीज वेगळी आणि पाण्याच्या पंपाची वेगळी हवी असेल, तर दिव्याचा उपयोग नाही. तो फक्त बेरीज सांगतो. छतावर सोलर असेल तरी जपून, कारण बऱ्याच मीटरचा दिवा वीज बाहेर जातानाही तसाच लुकलुकतो. पण पहिल्यांदाच मोजत असाल तर माझं मत ठाम आहे: दिव्यापासून सुरुवात करा.

आणि पाय विकत घेण्याआधी एक करा. आज रात्री सगळं बंद झाल्यावर घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहा. एका लुकलुकीला घड्याळ सुरू करा आणि पुढच्या दहा मोजा. लागलेल्या सेकंदांना दहाने भागा. मग ३६,००,००० ला मीटरवरच्या आकड्याने भागा आणि जे येईल त्याला त्या सेकंदांनी. तुमच्या घराचे रात्रीचे वॅट मिळतील.