पाय दाबला आणि आवाज आला, मधे किती वेळ गेला?

चवथीआधी फोंड्याला आमची तालीम चालू होती, मी मिडी फूट कंट्रोलरने (पायाने दाबायच्या स्विचची पेटी, ती लॅपटॉपला संदेश पाठवते) लॅपटॉपवर लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, सुरू करायचो आणि दर वेळी तबलेवाला म्हणायचा, अरे सम मागे पडतेय. मला वाटलं माझाच पाय चुकतोय. शेवटी रात्री घरी बसून मोजलंच.

त्याच स्विचवर एक छोटासा आवाज लावला. ऑडिओ इंटरफेसच्या (माईक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) एका इनपुटचा माईक स्विचला अगदी चिकटवून ठेवला, दुसऱ्या इनपुटला इंटरफेसचंच आउटपुट केबलने परत आणलं (मॉनिटरिंग, म्हणजे इनपुट परत आउटपुटला ऐकवणं, बंद ठेवा हं, नाहीतर फीडबॅक), 48000 हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे 48000 नमुने, म्हणजे सॅम्पल) रेकॉर्ड केलं आणि झूम करून टक् आणि आवाज यांच्यातले सॅम्पल मोजले, 48 सॅम्पल म्हणजे 1 मिलिसेकंद. वीसेक वेळा तरी दाबा, कारण उशीर कायम सारखा असेल तर पायाला सवय होते, पण तो कमीजास्त होत राहिला की तालाची वाट लागते.

सगळे केबलला दोष देतात, ते मला पटत नाही. मिडी केबल 31250 बॉडवर, म्हणजे सेकंदाला 31250 बिटवर चालते, 3 बाइटच्या मेसेजला 1 मिलिसेकंदही लागत नाही. खरा चोर निघाला लाँग प्रेस, म्हणजे स्विच दाबून धरला की होणारं वेगळं काम! एका स्विचला दोन कामं दिल्यामुळे माझा कंट्रोलर पाय उचलेपर्यंत थांबत होता. वेव्हफॉर्ममध्ये दोन टक् स्पष्ट दिसल्या, दाबल्याची आणि सोडल्याची, आणि आवाज दुसरीनंतर. लाँग प्रेस काढून टाकलं, बफरही (लॅपटॉप एका वेळी जेवढे सॅम्पल हाताळतो तो गठ्ठा) 512 सॅम्पलवरून 128 केला, म्हणजे एका बफरचे 10.7 मिलिसेकंद होते ते 2.7 झाले. दुसऱ्या दिवशी तबलेवाल्याने समेवर नुसती मान हलवली.